मास्तरांच्या कोटातली तार

आमचे मास्तर फळ्यावर इंग्रजी शब्द कधी एकटा लिहीत नसत. उच्चाराने सारखा, अर्थाने निराळा असा जोडीदार शेजारी लागेच. 'टेल' म्हणजे गोष्ट आणि 'टेल' म्हणजे शेपूटही. "इंग्रजांनी अक्षरं उधळली आणि उच्चारात कंजुषी केली," म्हणत स्वतःच हसत.

कुसगावपलीकडच्या आमच्या वाडीत शाळा आणि टपाल दोन्ही त्यांच्याकडेच. नवरा लढाईवर गेला, तेव्हा पलटणीचा कागद मलाच वाचता यावा म्हणून मी दुपारची त्यांच्याकडे शिकू लागले. वाडी हसली. मास्तरांनी पाटी दिली आणि सूट म्हणून दिली नाही. आठवडा आणि अशक्त, या 'वीक'च्या जोडीत चुकले तर वीसदा लिहायला लावलं.

त्या साली भाताची आवणी लागली, खाचरांतून रोपं लावायची घाई सुरू झाली आणि मास्तरांनी शिकवणी बंद केली. का, ते सांगितलं नाही. रोज मात्र छत्री घेऊन बांधावर येत, "किती खाचरं राहिली?" एवढंच विचारत आणि माझ्याकडे न बघता परत जात. एकदा मी चिखलातूनच ओरडले, "मास्तर, 'सन'ची जोडी राहिलीय. सूर्य झाला, मुलगा राहिला!"

"राहू दे ती," ते म्हणाले. शब्द अर्धा सोडणारे मास्तर नव्हते ते. पण हातात रोपं होती, ती लावत राहिले.

शेवटचं खाचर लावून झालं तेव्हा ते खाली उतरले. कोटातून तार काढून म्हणाले, "तूच वाच."

नवरा गेला होता. तार अकरा दिवसांपूर्वीची होती.

मी सासऱ्यांना, आबांना, सांगितलं. आबा लावलेल्या खाचरांकडे बघत बांधावर बसले. मग म्हणाले, "बरं केलं तुमी, मास्तर. आदी कळलं असतं तर सुतकात धा दिस गेलं असतं. रोपं वाया. मग वरीसभर खायाचं काय?"

"अकरा दिवस मला कुंकू लावू दिलंत?" मी विचारलं.

"दिलं. तुझ्याशी वाईट वागलो," मास्तर म्हणाले. "पण घरात पाच तोंडं आहेत गं."

दिवाळीनंतर त्यांनी सोमाटण्याकडे बदली मागून घेतली. निरोपाला सगळी वाडी गेली, मी गेले नाही. मला शिकण्याजोगी समजणारा तो एकच माणूस होता, आणि त्याचंच तोंड मला बघवत नव्हतं. आता वाडीचे कागद मीच वाचते. आले त्याच दिवशी, चिखलात उभी राहून का होईना.

त्या साली भात चांगला पिकला. घरात सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.