दादाची डावखुरी खूण

मी शाळेत विज्ञान शिकवतो. लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची वर्गात टर उडवतो. त्यामुळे हे लिहिताना आधी मलाच लाज वाटतेय... हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

गाव भोंगवली, नोकरी वेल्ह्यात. बाजारामागे भाड्याची खोली, तिची एकच किल्ली, ती माझ्या खिशात. गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ – दादा – फांद्या तोडताना आंब्यावरून पडला. पुण्याला दवाखान्यात बेशुद्ध. वहिनी तिथं होत्या. मला परीक्षांमुळे रजा मिळेना. जीव टांगणीला लागलेला. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मन रमवायला ‘कप्तान भिंगरी’ काढलं – आमचं लहानपणीचं लाडकं कॉमिक, बारा भाग.

तेव्हा पुस्तक एक आणि वाचणारे दोघं. म्हणून नियम होता – दादा जिथं थांबेल तिथं पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचा, आणि त्या खुणेपुढं मी वाचायचं नाही. दादा डावखुरा, त्यामुळे त्याची खूण भलत्याच बाजूला वळायची. ती पुस्तकं कधीच रद्दीत गेली. हा संच मी जुन्या पुस्तकवाल्यांकडून एकेक करत जमवलेला. दादाला वाढदिवसाला द्यायचा होता, त्याला पत्ताही नव्हता.

चौथ्या भागात तशीच डावखुरी खूण दिसली. आधीच्या मालकाची असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती तिथं नव्हती... सहाव्यात होती. मग आठव्यात. दाराचं कुलूप जसंच्या तसं!

शुक्रवारी खूण अकराव्याच्या शेवटच्या पानावर. तेवढ्यात वहिनींचा फोन – "भावजी, डॉक्टर म्हणत्यात, आता काय सांगता येत न्हाई. तुमी या."

माझी पाचावर धारण बसली. बारावा वाचून झाला की दादा संपणार – हे विज्ञानाच्या मास्तरच्या डोक्यात आलं, हो! बारावा भाग उचलला, शाळेच्या लोखंडी कपाटात कोंडला आणि मगच पुण्याची एसटी धरली.

तिसऱ्या दिवशी दादानं डोळे उघडले. वहिनी रडल्या, मीही रडलो. दादानं मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज धड फुटत नव्हता.

"बाळ्या... बारावा कुठं ठिवलास?"

आता तो घरी आहे, शेतावर जातो. दवाखान्यातलं काहीच आठवत नाही म्हणतो. पण मी रविवारी गावी गेलो की बारावा मागतो. वाळवीनं खाल्ला, अशी थाप मी मारतो. थोरल्या भावाशी खोटं बोलताना जीभ अडखळते, पण द्यायची छाती होत नाही.

परवा तो हसला. "ऱ्हाऊ दे, न्हाई देत तर. पर तू बी फुडं वाचू नगंस. माजी खूण पडायची हाय अजून."

रोज सकाळी मी ते कपाट उघडतो आणि पानांचे कोपरे तेवढे बघतो. अजून कोरे आहेत. हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. आणि खरं सांगू? मला उलगडा नकोच आहे... मला माझा भाऊ हवाय.