ओढली की वाढणारी दावण

क्रांती कळंब्याहून स्कूटीवर येते. पायाशी दुधाचा रिकामा कॅन, पाठीला लॅपटॉप आणि अंगाला कितीही अत्तर मारलं तरी म्हशींचा मंद वास. शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात खिडक्या बंद आणि एसी चालू असतो, त्यामुळे तो वास दुपारपर्यंत टिकतो. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो. वयानं तिच्याहून मोठा, कामानं तिच्या निम्मा. म्हणून ती मला दादा म्हणते आणि वर अक्कलही शिकवते.

आम्ही शेडचे नकाशे काढतो. कोंबड्यांची असो, गुऱ्हाळाची असो, पत्रा आणि खांब आले की ते आमचं. पहाटे घरच्या म्हशींच्या धारा काढायच्या, वाटेत गिऱ्हाइकांना दूध घालायचं आणि मग दिवसभर संगणकावर रेघा मारायच्या, हा क्रांतीचा आयटीआय झाल्यापासूनचा दिनक्रम. तिचे वडील हंबीरराव यातल्या धारांना काम म्हणतात. रेघांना ते नुसतं "कंपुटर" म्हणतात, आणि तेही अशा सुरात, की जणू पोरगी दिवसभर पत्ते कुटते.

या हंबीररावांनी यंदा नवा गोठा बांधायला काढला. दावणीला दुभत्या दहा होत्या, आणखी दोन घ्यायच्या होत्या. गुंडू मिस्त्रीनं जागेवर पावलं टाकली, चुन्याची फक्की मारली आणि निकाल दिला, की बारा बसतील, तेरावी नाही. आणि तेरावी होती चंद्री.

चंद्री ही त्यांच्या घरातली पहिली पंढरपुरी म्हैस. शिंगं इतकी लांब, की तिनं मान वळवली की माणसं भिंतीला चिकटतात. आता ती भाकड आहे. दुधाचा पत्ता नाही, पण ऐट पाटलीणबाईची. दाराजवळची रुंद जागा तिचीच, आणि शेजारीण खपत नाही म्हणून तिथं ती कायम तिरकी उभी. हंबीरराव म्हणाले, विकून टाकू. क्रांतीनं हे ऑफिसात येऊन सांगितलं. मला हंबीररावांचा संताप आला. मी म्हशी पाळत नाही, फक्त दूध पितो, पण संतापायला तेवढं पुरतं.

शेवटी तिनं बापाकडून एक कबूल करून घेतलं. नकाशात तेरा बसल्या तर चंद्री राहील, नाही बसल्या तर बाजारात जाईल. शनिवारी हंबीरराव ऑफिसात येऊन स्वतः बघणार होते.

क्रांतीनं त्यासाठी डायनॅमिक ब्लॉक करायला घेतला. म्हणजे असं चित्र, की त्याचा बाण धरून ओढलं की ते आपलं आपण वाढतं. एखाद्या शहाण्यानं म्हशीच्या जागी चौकोन काढला असता. आमच्या बाईंनी म्हैस काढली, वरून दिसते तशी, शेपटी-शिंगांसकट. चौकोन का नाही म्हटलं, तर चौकोन कडबा खातो का, असं मलाच विचारलं. दाराशी तिरकी चंद्री, तिच्या पलीकडं एक साधी म्हैस. गोठा ओढला की साधी म्हैस ओळीनं पुन्हा पुन्हा उभी राहणार, चंद्री मात्र एकच. त्या पुन्हा पुन्हा उभं राहण्याला ॲरे म्हणतात.

शनिवारी हंबीरराव आले. चपला दाराबाहेर काढल्या, एसीकडं संशयानं बघितलं आणि खुर्चीच्या टोकावर बसले. क्रांतीनं माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी बाण धरून ओढला. गोठा वाढला, म्हशीही वाढल्या. पण प्रत्येक म्हशीच्या अंगावर एकेक चंद्री तिरकी चढून बसली.

"एक इकायची म्हनून आलतो," हंबीरराव म्हणाले, "तू दावणभर चंद्र्या उभ्या केल्यास की."

मला हसू फुटलं. क्रांतीनं असं बघितलं, की मी ते खोकल्यावर नेलं.

"थांबा आबा. जरा बिघडलंय."

"गुंडूच्या फक्कीत असलं हुईत न्हाय. चुन्याला पिल्लं हुईत न्हाईत."

क्रांतीनं ब्लॉक उघडला. दोन खुंट्यांमधलं अंतर तपासलं, ते बरोबर होतं. मी सुचवलं, सगळं बंद करून चालू कर. तिनं केलं. चंद्र्या ताज्यातवान्या होऊन परत आल्या. मग तिनं ॲरेनं नक्की काय काय धरलंय ते उजळवून बघितलं, तर साध्या म्हशीबरोबर चंद्रीही उजळली. म्हैस निवडताना क्रांतीनं माउसची चौकट उजवीकडून डावीकडं ओढली होती. तशी ओढली की चौकटीला नुसतं टोक शिवलं तरी संगणक अख्खी वस्तू धरतो. आणि चंद्रीचं एक शिंग शेजारणीच्या जागेत घुसलेलं. जित्या चंद्रीचीही हीच खोड आहे. चौकोन काढला असता तर हे झालं नसतं, असं मी म्हणालो नाही, पण तोंडावर दिसलं असावं.

तिनं चंद्रीला ॲरेमधून काढलं आणि माउस परत बापाकडं दिला. आता ओढलं तशा म्हशी शिस्तीत एकेक करून उभ्या राहिल्या, आणि दाराशी चंद्री एकटी. मला वाटलं जिंकलो. पण चंद्रीच्या पुढं अकरा झाल्या आणि बारावी निम्मी गोठ्याशेजारच्या विहिरीच्या कठड्यात गेली. चंद्री धरून बाराच. गुंडू मिस्त्री पावलांनी बरोबर निघाला, याचा मला आणखी राग आला.

हंबीररावांनी बाण मागं घेतला, परत पुढं ओढला. "ह्यो कठडा सरकत न्हाय व्हय?"

"कठडा खरा हाय, आबा. त्याला बाण न्हाय."

मी क्रांतीच्या कानाशी लागलो. "चंद्रीला सरळ उभी कर. बारावी बसतीय."

ती हळू बोलली नाही. "ती सरळ उभी ऱ्हात न्हाय, दादा. नकाशात सरळ किली तर गोठ्यात हुनार हाय व्हय?"

हंबीरराव पडद्याकडं वाकले. तिरक्या चंद्रीवर त्यांनी बोट ठेवलं. तिथं काचेवर डाग पडला. क्रांती एरवी काचेला कुणी हात लावला तर ओरडते, आज तिनं तो डाग तसाच ठेवला.

"हिच्या म्होरं किती म्हनलीस?"

"अकरा."

"मग नवी एकच घिऊ." त्यांनी बोट दारावर नेलं. "आन् ह्ये दार बारकं काढलंयस. शिंगं आडकतील की तिची."

क्रांतीनं माउस घेतला, दाराचा बाण धरला आणि ओढला.