झीनेत आणि सहा पेले

…तर वर्कनेश आजी काठी आडवी टाकून उंबऱ्यातच बसली, आणि समोर चाळीस पोरंपोरी पिवळे शर्ट घालून चिखलात उभी. फावडी आणलेली, नवे पत्रे आणलेले, कचेरीचे सिसाय साहेब फोन सरसावून फोटोच्या तयारीत. आणि म्हातारी म्हणते, "माझं घर मला बरं आहे. चालते व्हा."

काल इथवर आलो आणि माझ्या बकऱ्या सुटल्या, म्हणून राहिलं.

आता घर बरं म्हणायचं तर जीभ धजत नव्हती. आमच्या देसे गावात घरं असतात तसंच तेही, निलगिरीचे वासे आणि त्यावर मातीचा लेप. पण तिची उत्तरेची भिंत गाभण गाईसारखी पोट काढून उभी होती. त्या पावसात ती बसणार, आणि बसली तर नेमकी आजीच्या खाटेवर, हे गल्लीतल्या आंधळ्यालाही दिसत होतं.

आमच्याकडे विद्यापीठांची मोठी सुट्टी पावसाळ्यातच असते. पोरं घरी येतात, दोन दिवस आईच्या हातचं खातात, आणि तिसऱ्या दिवशी कचेरी त्यांच्या अंगात पिवळा शर्ट चढवते. ज्या गावात वाढलात त्या गावाची सेवा करा. कुणी लहान मुलांना शिकवतं, कुणी डोंगरावर झाडं लावतं, आणि धट्टीकट्टी असतील ती म्हाताऱ्याकोताऱ्यांची घरं सारखी करतात. त्या वर्षीच्या तुकडीची म्होरकी होती झीनेत. आमच्या शेजारच्या यिमाम शिंप्याची मुलगी, औषधांचं शिकते, तिसऱ्या वर्षाला.

ही पोर सहा वर्षांची असल्यापासूनच वेगळी. एकदा त्यांच्या ईदला आईनं तिच्या हाती आमच्याकडे लोण्यातलं पक्वान्न धाडलं. आम्हा ख्रिस्ती लोकांचा तेव्हा उपवास, लोणी चालत नाही. माझ्या बायकोनं ताट घेतलं, आशीर्वाद दिला, झाकून ठेवलं. पोरीनं ते बघितलं. तासाभरात परत हजर, हातात तेलात केलेलं दुसरं ताट. म्हणाली, "आबा, तुम्ही खाल्लं नाही तर आमचा सण कसा होणार?" तेव्हाच मी बायकोला म्हणालो होतो, ही पोर पुढं कुणाला तरी भारी पडणार.

तर ती भारी पडली सिसाय साहेबांना.

साहेब म्हणाले, "आजी, फुकट आहे हो सगळं."

"फुकट आहे म्हणूनच नको," आजी म्हणाली. "सोळा वर्षांची होते तेव्हा या गल्लीत आले. इथलं एकेक घर माझ्या डोळ्यांदेखत इर्जिकीनं, सगळ्या गल्लीच्या हातांनी उभं राहिलं. ज्याच्या चिखलात पाय घातला, त्याच्याच ताटात जेवले. हात लावणाऱ्याला जेवू घालता येत नसेल त्यानं घर बांधू नये. या चाळीस जणांना मी काय वाढू, तुमचे फोटो?"

"त्यांनी आपापला पाव आणलाय. पाण्याच्या बाटल्यासुद्धा."

"म्हणजे माझ्या दारात बसून स्वतःचं खाणार. मी मेले नाही अजून, सिसाय."

साहेबांनी फोन खाली केला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. झीनेतनं फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "आजी, काम राहू द्या. कॉफी मिळेल का?"

आता कॉफीला नाही म्हणणारं माणूस देसेत जन्मायचं आहे. आजी उठली, निखारे फुंकले, बिया भाजल्या. वास आल्यावर मीही आत शिरलो, म्हातारपणाचा तेवढाच फायदा. आमच्याकडे कॉफी तीनदा फिरते; पोरीनं तिन्ही फेऱ्या बसून घेतल्या, घाई म्हणून केली नाही. पण तिची नजर तबकावर होती. तबकात पेले सहा, त्यातल्या एकाची कड उडालेली.

बाहेर येऊन तिनं चौतीस जणांना दुसऱ्या तीन घरांकडं पाठवलं. पाच ठेवले. मग दारात डोकावून म्हणाली, "आजी, उद्या आम्ही सहा जण कॉफीला येतो. बसून बसून अंग आंबतं, तेव्हा जरा चिखल तुडवू म्हणते."

आजीनं एकदा तबकाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "सहाच?"

"सहाच."

"मग या."

आणि काम लागलं. सहा जणांत एक फासिल होता, इमारती बांधायचं शिकणारा. माती, तेफ धान्याचं काड, पाणी. तुडवलं की झालं, असं त्याचं गणित. दुसऱ्याच दिवशी त्यानं भिंतीचा एक कोपरा लिंपून टाकला. चौथ्या दिवशी तो कोपरा माझ्या टाचेसारखा भेगाळला.

आजीनं विचारलं, "किती वर्षं शिकतोस रे?"

"चार झाली, आजी."

"चार वर्षं शिकलास, आणि चिखलाला आंबायला आठ दिवस द्यायचं जिवावर आलं होय?"

पोरं हसून हसून चिखलात बसली. फासिलनं कोपरा खरवडून काढला आणि आठ दिवस त्या चिखलाची गरोदर बायकोसारखी काळजी घेतली.

जेवणाचं सांगतो. आमचा ऑगस्टातला उपवास चालू होता, त्यामुळं मांसाचा प्रश्नच नव्हता. एकच ताट, एकच इंजेरा, म्हणजे ताटभर तेफची आंबोळी, वर डाळीच्या पिठाचं कालवण, आणि मुसलमान-ख्रिस्ती सहा हात त्यात. पण आजी सूत कातून पोट भरणारी. काही दिवस ताटात इंजेरा असायचा, काही दिवस नुसते भाजलेले जव, मूठमूठभर. झीनेतचा नियम एकच होता: समोर येईल ते खायचं, पिशवीतून काही काढायचं नाही. एकदा फासिलच्या खिशात पाव सापडला. ती त्याला हळूच म्हणाली, "खा. पण गल्लीच्या टोकाला जाऊन. आणि येताना मिशीला चुरा नको."

असे चार आठवडे गेले. बाकीची तीन घरं कधीच झाली होती. इथं राबणारे सहाच, उत्तरेची भिंत उतरवलेली, वासे उघडे, त्यावर ताडपत्री, आणि पोरांची सुट्टी संपायला नऊ दिवस. पोरं गेली की भिंत तशीच राहणार. साहेब आले आणि झीनेतला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या चाळीसच्या चाळीस आणतो. नाही म्हणालीस तर सेवेच्या प्रमाणपत्रावर माझी सही विसर."

मलाही राहवेना. आमच्या गल्लीचं मयतीला मदत करणारं मंडळ आहे, त्याचे साठ पेले माझ्याच घरी असतात. मी म्हणालो, "पोरी, पेल्यांचंच अडलंय ना? मी देतो."

"आबा, मयतीचे पेले तुम्ही तिच्या चुलीपाशी मांडणार? आणि तिनं विचारलं, कोण गेलं, तर काय सांगाल?"

मी सत्तर वर्षांचा घोडा आणि अक्कल शिंगराची.

ती आजीपाशी जाऊन बसली. सूत धरू लागली आणि गप्पा काढल्या. "आजी, तुम्ही चिखल तुडवलात ती घरं कुठली कुठली?" म्हातारीला तेच हवं होतं. हे झेबिदारचं, ते फातूमाचं, ते कोपऱ्यावरचं. झीनेत ऐकत गेली. संध्याकाळी तिनं त्या घरांच्या कड्या वाजवल्या. काय म्हणाली ते मला झेबिदारनं सांगितलं: "मावशी, तुमच्या चिखलात आजी उतरल्या होत्या, ती वर्कनेश आजींची एक सावड तुमच्यावर बाकी आहे. पोरं जायच्या आत फेडता येईल का?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना आठ बायका आल्या. सगळ्यात धाकटी साठीची. घरून जेवून आल्या होत्या, कारण सावड फेडणारा जेवण मागत नाही. झगे खोचून आंबलेल्या चिखलात उतरल्या. गुडघ्यांचा आवाज माझ्या दारापर्यंत. झेबिदार म्हणाली, "वर्कनेश, माझ्या भिंतीला तू कमी काड घातलं होतंस, मी विसरले नाही." आजी म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं कमी आणलं होतं, मला काय विचारतेस." आणि तीही काठी टाकून आत उतरली. पोरं अशी राबली की विचारू नका.

दोन दिवस हाती राखून भिंत झाली. सरळ, सुरकुती नाही.

समारोपाला साहेब कागद घेऊन नव्या भिंतीसमोर उभे राहिले. भिंत वेळेत झाली म्हणून सही करणार होते, पण तोंड आंबट. म्हणाले, "चाळीस पोरं दिली होती तुला. या घरात सेवा किती जणांनी केली म्हणून लिहू?"

झीनेत म्हणाली, "लिहा साहेब, आजींनी सहा विद्यार्थ्यांना पाच आठवडे जेवू घातलं. आठ मावश्यांनी जुनी सावड फेडली. आणि खाली जागा उरली तर लिहा, आम्हीही थोडा चिखल तुडवला."