मामांचा शेवटचा किल्ला

आमच्या मामांनी आयुष्यभर किल्ले बांधले आणि त्यातल्या एकानेही संध्याकाळ पाहिली नाही. लष्करी प्रशिक्षण शाळेत त्यांची नेमणूक होती वाळूच्या टेबलावर. टेबल कसलं, खोलीभर पसरलेला चौथराच तो, कडेने फळ्या आणि आत ओली वाळू. सकाळी मामा किल्ला उभारायचे. मग मेजरसाहेब कॅडेटांना घेऊन यायचे आणि तास संपायच्या आत तो पाडायचे. पाडायचं कामसुद्धा मामांच्याच गळ्यात. साहेब काठी रोखून म्हणायचे, "किल्लेदार, पूर्वेचा तट गेला," की मामा थापीने आपलीच भिंत आडवी करायचे. न पाहताही मला त्या साहेबांचा मनस्वी राग यायचा.

धडे ठरलेले होते. आधी मातीचा कोट आणि लाकडी कुंपण, ते जळायचं. मग दगडी तट आणि चौकोनी बुरूज; त्यांच्या कोपऱ्याखाली सुरुंग. म्हणून बुरूज गोल झाले. त्यांनी जरा मान वर काढली, तोच तोफा आल्या, आणि तट जितका उंच तितका लवकर ढासळू लागला. तेव्हा कुठे माणसाला अक्कल आली. तट बुटके आणि जाड झाले, पाठीशी मातीचा भराव आला, बुरूज टोकदार झाले. म्हणजे एकाच्या पायथ्याशी शत्रू आला की शेजारचा त्याला टिपणार. मामा हे सगळं जेवताना ताटात करून दाखवायचे.

"आधी जेवा, मग लढा," मामी म्हणायची.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मामांनी साहेबांकडे एकच मागणं मागितलं. "साहेब, मला घड्याळ नको, भाषणं नकोत. शेवटचा किल्ला माझ्या मनासारखा बांधू द्या. आणि धड्यात लिहिलंय म्हणून पाडू नका. पडायचा तर खरा पडू दे."

साहेबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं, वर मामीला आणि मला बघायला बोलावलं. माझा राग थोडा निवळला.

किल्ला कसला बांधला होता! दुहेरी खंदक, चांदणीसारखा तट, जमिनीखाली दारूची कोठारं. सुरुंगाची भानगडच नको म्हणून मामांनी वाळूखाली चक्क फरशी अंथरली होती. कॅडेटांनी शिड्या लावल्या; बुरुजांनी त्या साफ केल्या. तोफा डागल्या, भरावाने गोळे गिळून टाकले. सुरुंग खणायला गेले, तर फरशी! पोरांना घाम फुटला. मामा थापी पाठीमागे धरून उभे होते आणि नवरदेवासारखे लाजत होते.

"कुणाला आणखी काही सुचतंय?" साहेबांनी विचारलं.

कॅडेटांनी शिड्या आवरायला घेतल्या. साहेबांनी काठी खाली ठेवली. मामांचे डोळे भरून आले, आणि मीही टाळ्या वाजवायला हात वर केले.

मामी मात्र वाकून वाळूत काहीतरी शोधत होती. "अहो, झालाय छानच," ती म्हणाली. "पण ही आतली माणसं पाणी कुठलं पितात?"

मामांनी किल्ल्याकडे पाहिलं. कोठारं होती, बराकी होत्या, झेंड्याला काडीसुद्धा होती. विहीर नव्हती, टाकं नव्हतं, आणि खणायचं म्हटलं तर खाली त्यांचीच फरशी.

"मग आम्ही नुसते वेढा घालून बसतो, सर," मागचा एक कॅडेट हळूच म्हणाला.

साहेबांनी काठी उचलली नाही. मामा स्वतःच पुढे झाले आणि त्यांनी थापीने मुख्य दरवाजा आडवा केला.

घरी येताना मामीला रडू आवरेना. "माझ्याच मेलीच्या जिभेला हाड नाही. एवढा टिकला होता, तो मी घालवला."

मामा तिच्यासाठी थांबले.

"तुझं काही चुकलं नाही गं," ते म्हणाले. "विहीर कधी सुचलीच नाही मला. आतल्यांना तहान लागेपर्यंत माझा एकही किल्ला टिकला नव्हता. आज पहिल्यांदा टिकला."