प्लग माझ्या हातात होता

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. कुणाच्या घरातला दिवा आपोआप लागला… बाबा रे, तुझ्या वायरिंगमधला न्यूट्रल सैल झाला असेल. कुणाला स्विचबोर्डजवळ थंड हात लागला… आधी अर्थिंग तपास. सिरोंच्याच्या एका प्रशिक्षण संस्थेत मी वीस वर्षं इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतोय, त्यामुळे सवयच लागली आहे. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले, आणि देवांबरोबर भुतंही गेली. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की वडील थर्मामीटर शोधायचे. हे सगळं आधी सांगतोय, म्हणजे लिहिणारा माणूस कसा आहे ते कळेल. हसायचं तर हसा. मला आता फारसा फरक पडत नाही.

सुजाता, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाली, गावात नेटवर्क नाही, पालकांकडे फोन नाहीत. मग ती घरीच लॅपटॉपवर गोष्टी आणि धडे रेकॉर्ड करायची आणि पेन ड्राइव्हमध्ये भरून ग्रामपंचायतीत द्यायची. तिथल्या भोंग्यावरून ते गावभर वाजायचं, पोरं आपापल्या ओसरीत बसून ऐकायची. प्रत्येक धडा ती “मागच्यांना आवाज येते का?” असं विचारून सुरू करायची. अगं, रेकॉर्डिंगला कसले मागचे अन पुढचे, म्हणून मी तिला चिडवायचो.

पुढच्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. चार दिवसांत. आमची यशोधरा तेव्हा दीड वर्षाची होती.

मी लॅपटॉप कपाटात टाकून दिला. उघडायची हिंमत नव्हती… आळस म्हणा, भ्याडपणा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. यंदा यशो पहिलीत गेली आणि एक दिवस तिने विचारलं, “पप्पा, मम्मी कशी बोले?” मी शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं की सुजाताचा आवाज कुठेच नाही. तिचा फोन केव्हाच खराब होऊन गेला होता. लग्नाच्या व्हिडिओत ती एकदाही बोलत नाही, वर नुसता बँड. ग्रामपंचायतीत गेलो तर पेन ड्राइव्ह होता, पण त्यावर कुणीतरी डीजेची गाणी भरलेली. राहिला तो लॅपटॉप.

त्याची बॅटरी फुगून खालचं झाकण उचललं गेलं होतं. मी ती स्वतःच्या हाताने काढली. हे लक्षात ठेवा, बॅटरी मी काढली होती. मग थेट अ‍ॅडॉप्टरवर लॅपटॉप सुरू केला आणि तो सुरू झाला! सुजाताच्या नावाचं फोल्डर समोर, आत फाइलींची रांग. पण एकही उघडेना. उघडायला गेलं की आतली डिस्क टक… टक… करायची आणि सगळं गोठून जायचं. कॉपीही होईना.

चंद्रपूरला माझा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “सर, बंद करू नका. ही डिस्क एकदा थांबली तर पुन्हा फिरणार नाही. चालूच घेऊन या, माझं मशीन इथून हलवता येत नाही.”

चालूच! सिरोंचा ते चंद्रपूर, दोनशे किलोमीटरच्या वर, त्यातला आलापल्लीपर्यंतचा रस्ता कसा आहे ते इकडच्या माणसाला सांगायला नको. आणि लॅपटॉपला बॅटरी नाही, म्हणजे करंट क्षणभर तुटला की खेळ खलास. पण हे माझ्या धंद्यातलं काम होतं. पोचमभाऊंची जीप ठरवली. गाडीत सिगरेट लायटरचं सॉकेट असतं ना, त्याला बारा व्होल्टचे दोनशेतीस करणारा छोटा इन्व्हर्टर जोडला. दोन अ‍ॅडॉप्टर एकाच पिनेवर आणले, एकाचा करंट दुसऱ्यात शिरू नये म्हणून मधे डायोड टाकले, एक घरच्या प्लगवर आणि दुसरा दारात उभ्या असलेल्या जीपवर. जीपवरचा चालू झाला तसा घरचा काढला. स्क्रीन हललीसुद्धा नाही. पेट्रोल पंपावर इंजिन बंद करावं लागतं म्हणून टाकी आदल्या दिवशीच फुल केली होती. इतका विचार मी केला होता.

मार्चमधला शनिवार, सकाळचे साडेसात. यशो आजीचा हात धरून दारात उभी होती. म्हणाली, “पप्पा, मम्मीचा आवाज आणजा.” मी म्हटलं, आणतो.

पोचमभाऊ साठीचे. या रस्त्यावर पस्तीस वर्षं गाडी चालवतात. तेलुगू घरातले, पण मराठी बोलतात ती इकडचीच, आणि विड्या ओढून ओढून घसा पार खरवडलेला. मी मागच्या सीटवर, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. प्रत्येक खड्ड्याला मी भाऊंना शिव्या द्यायचो आणि ते निमूटपणे गाडी अजून हळू करायचे.

जिमलगट्टा सोडल्यावर पुढे सागाच्या जंगलात एका वळणावर डहाळ्यांचा ढीग आहे. नक्की कुठे ते सांगत नाही, उद्या लोक रील काढायला जातील. तिथून जाणारा प्रत्येक जण थांबतो, इंजिन बंद करतो, थोडा वेळ गप्प राहतो, एक पानांची डहाळी ढिगावर टाकतो आणि मग जातो. कधीकाळी एका बाईचं लेकरू जंगलात गेलं ते आलंच नाही. ती त्या वळणावर बसून राहिली. लेकराचा आवाज येईल म्हणून ती अजून कान लावून बसली आहे, तेव्हा तिच्यासमोर घरघर करायची नाही, असं म्हणतात. त्या रस्त्याने मी कितीदा तरी गेलो असेन, पण बसमधून कधीच उतरलो नव्हतो.

भाऊंनी गाडी कडेला घेतली.

“सर, इथी गाडी बंद करा लागते.”

“भाऊ, मी सकाळपासून काय सांगून राह्यलो? गाडी बंद करता येत नाई.”

“दोनच मिनिटं. डहाळी टाकतो अन निंघतो.”

“बंद केल्याचं काई नाई. पुन्हा स्टार्टर मारला का सॉकेटचा करंट तुटते. अर्धा सेकंद तुटला तरी हे बंद पडते. तुम्ही असं करा, चालूच ठेवून उतरा.”

भाऊंनी मान हलवली. “चालू ठेवून नाई जमत, सर. ती ऐकून राह्यली ना. पस्तीस वर्षं झाले, मी इथून तसाच कधी गेलो नाई.”

“मग आज जा,” मी म्हणालो. “माझ्या पोरीसाठी जा.”

हे बोलताना माझा आवाज चढला होता. भाऊंनी स्टिअरिंगवरच हात जोडले आणि गाडी पुढे काढली. मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट, एका खुळचट रिवाजातून लॅपटॉप वाचवला असंच वाटलं.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. इन्व्हर्टरने एक बारीक शिटी मारली आणि त्याचा हिरवा दिवा गेला. गेलं सगळं, म्हणून मी स्क्रीनकडे पाहिलं तर… स्क्रीन चालू होती.

मी प्लग उपटला. प्लग माझ्या हातात, आणि लॅपटॉप चालू. दोन्ही अ‍ॅडॉप्टर काढले. पिनेचं भोक रिकामं, लॅपटॉप चालू. बॅटरी तर घरी टेबलावर पडली होती.

आणि मग, मी कशालाही हात लावलेला नसताना, आवाज आला.

“मागच्यांना आवाज येते का?”

भाऊंनी गाडी थांबवली, चावी फिरवली. इंजिन बंद झालं. जंगलात दुसरा कसलाही आवाज नव्हता. सुजाता बोलत होती, अगदी शेजारच्या सीटवर बसून बोलावं इतकं स्वच्छ. तलावातल्या मासोळीची कसलीशी गोष्ट होती. भाऊ मागे वळून, खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊन ऐकत बसले.

आणि मी काय केलं? पिशवीतून मल्टिमीटर काढला.

लिहितानाही माझी मला शरम वाटते, पण खरं तेच सांगतो. पिनेवर मोजलं, शून्य. लॅपटॉप हळूच उलटा करून बॅटरीच्या खाचेतल्या पत्र्यांवर मोजलं, शून्य. मीटरच बिघडला असेल म्हणून खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि गाडीच्या बॅटरीला लावून पाहिला. साडेबारा व्होल्ट. मीटर ठणठणीत! परत आलो. आत कुठे छुपा सेल आहे का ते बघायला फोनचा टॉर्च लावला. गोष्टीमागून गोष्ट चालू होती, आणि मी तो आवाज नळाच्या पाण्यासारखा वाहू देत होतो.

“सर,” भाऊ हळूच म्हणाले, “बाई बोलून राह्यल्या. ऐका ना.”

“थांबा हो भाऊ! आधी करंट कुठून येते ते पाहू द्या.”

फोन माझ्या हातात होता. टॉर्च लावलेला फोन. त्याच फोनवर रेकॉर्डिंगचं बटण आहे, बोटापासून दीड इंचावर. मला ते सुचलं नाही. आजही रोज त्या दीड इंचावर मी अडकतो. वीस वर्षं पोरांना शिकवलं की आधी सोर्स शोधा, मग बाकीचं. मी सोर्स शोधत होतो.

सॉकेटचा फ्यूज बघायला मी पुढच्या डॅशबोर्डखाली डोकं घातलं होतं तेव्हा आवाज थांबला. वर आलो तर स्क्रीन काळी. फोनमध्ये वेळ पाहिली, पावणेअकरा होत आले होते. म्हणजे निदान अर्धा तास ती बोलली होती.

मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, अ‍ॅडॉप्टर जोडला. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा आता लागला होता, जणू काही झालंच नाही. लॅपटॉप मात्र मेला तो मेलाच. मी रडायला लागलो. भाऊंनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, “शेवटी बाई पोरीशी बोलल्या, सर. गोष्ट सांगता सांगता थांबल्या, अन म्हणे, ‘यशो, उठली का बाळा? थांब, एवढं सांगून येतो.’ बस, मग बंद.”

“मी नाई ऐकलं.”

“हो,” भाऊ म्हणाले. “तुम्ही ऐकलं नाई.”

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

तरीही चंद्रपूरला गेलो. विद्यार्थ्याने माझ्यासमोर डिस्क उघडली. आतली चकती पार खरवडून गेली होती, बारीक पूड पडली होती. तो म्हणाला, “सर, रागावू नका, पण ही आज चालली असेल असं मला वाटत नाही. ही कधीचीच गेलेली आहे.” मी त्याच्याशी वाद घातला नाही. इन्व्हर्टर, सॉकेट, फ्यूज, वायर, सगळं मी नंतर चारचारदा तपासलं. एकातही दोष नाही.

त्यानंतर मी त्या वळणावर अनेकदा गेलो. गाडी बंद करून, डहाळी टाकून, तो मेलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन्‌तास बसलो. माझे वडील असते तर त्यांनी थर्मामीटर आणला असता. तिथे काही होत नाही. पानं पडतात, एखादी एसटी येते, थांबते, जाते. वळणावरच्या त्या बाईचा राग असता तर तो मला कळला असता, मी माफीही मागितली असती. पण रागच असता तर मग तो आवाज ऐकवला कुणी? आणि दयाच करायची होती, तर माझ्यासारख्या माणसावर का केली, ज्याला ती घेता आली नाही? तुमच्यापैकी कुणाला शास्त्रीय कारण माहीत असेल तर कृपा करून मला कळवू नका. कारणापायीच माझं सगळं गेलं.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा यशो दारातच उभी होती. मी लॅपटॉप उराशी धरून जीपजवळच थांबलो. शेवटी पोचमभाऊ ओसरीत बसले आणि त्यांना आठवत होतं तेवढं त्यांनी तिला सांगितलं. मासोळीची गोष्ट सांगितली, शेवटचं वाक्य सांगितलं. ते वाक्य तिने त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. मग ती माझ्याकडे वळली. “पप्पा, तुम्ही बी होते ना तिथी? तुम्ही म्हणून दाखवा ना, मम्मीवानी.”

मला सुजाताचा आवाज आठवतो. अजून आठवतो. पण तो माझ्या घशातून काढून पोरीच्या कानात घालता येत नाही. मी प्रयत्न केला आणि मधेच उठून आत गेलो.

आता यशो रोज झोपायच्या आधी बाहुलीला थोपटते आणि ते वाक्य म्हणते. “यशो, उठली का बाळा? थांब, एवढं सांगून येतो.” घसा मुद्दाम खरवडून, जाड आवाज काढून, अगदी पोचमभाऊ बोलले तसं. तिला वाटतं, तिची आई अशीच बोलायची.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.