आपल्या माणसांची साक्ष

कापसाच्या तेजीत वऱ्हाडात आलेल्या आम्हा घाटावरच्या आणि कोकणातल्या मंडळींना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती : आपण इथं राहायला आलेलो नाही. दोन हंगाम, फार तर तीन, की घरी. चौथ्या हंगामातही मी हेच सांगत होतो आणि ऐकणारेही माना डोलवत होते, कारण त्यांचंही तसंच चाललं होतं. मुलूख निजामाचा, अंमल साहेबाचा आणि आम्ही दोघांपैकी कोणाचेच नाही, याचा आम्हाला थोडा अभिमानसुद्धा होता.

अमरावतीच्या कचेरीसमोर बसून मी लोकांचे दस्तऐवज लिहीत असे. परमुलखातून आलेला कोणी मृत्युपत्र लिहवून घ्यायला आला की माझं एक भाषण ठरलेलं असे. कागद नुसता पेटीत ठेवू नका, नव्या नोंदणी कचेरीत नेऊन नोंदवा. तिथला अधिकारी तुमचा चेहरा बघतो, तुमची सही समोर घेतो, नक्कल सरकारी दप्तरात राहते. उद्या तुम्ही गेलात, साक्षीदार पांगले, पेटीला वाळवी लागली, तरी तुमचा शब्द शाबूत राहतो. गावाकडं असाल तर चार पिढ्या ओळखणारे लोक असतात, इथं तुम्हाला कोण ओळखतं? असं मी फार पोटतिडकीनं सांगत असे, आणि लोकही ऐकत.

ज्याला मनापासून सांगायला हवं होतं, तो माझा मित्र होता. कोकणातला, रुईचा पारखी. चिमूटभर कापूस बोटांत ओढून तो कोणत्या बाजूचा माल आहे ते सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. वलगावला त्यानं भाजीचा मळा घेतला होता. त्याचं घर आणि तो मळा त्याच गावातल्या माळ्यांच्या घरची एक विधवा बाई सांभाळी. विहीर खणताना माती तिनं उपसली होती, वांग्यांचे वाफे तिनं धरले होते. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. गावात कोणी त्याचा बाऊ केला नाही. तो आम्ही अमरावतीकरांनी केला, आणि तोही दर बाजाराच्या दिवशी तिच्या हातचं भरीत खाऊन झाल्यावर.

मित्राची इच्छा एवढीच होती की आपल्यामागे मळा तिला मिळावा. कोकणातल्या भावानं चार वर्षांत त्याची विचारपूस केली नव्हती. मी मृत्युपत्र लिहिलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतका सुरेख दस्तऐवज मी दुसरा लिहिला नाही.

साक्षीला कोण, हा प्रश्न आला तेव्हा बाईनं गावचा पाटील आणि आपला भाऊ यांची नावं सुचवली. मी हसलो. ही माणसं अंगठा देणार, वाचायचं माहीत नाही, उद्या बोललेलं फिरवतील, असं मी मित्राला बाजूला घेऊन समजावलं. साक्ष आपल्या माणसांची हवी. आपली माणसं म्हणजे एक कच्छी दलाल आणि एक खानदेशातला, कापूस तोलणारा काटेवाला. दोघांनी झोकात सह्या केल्या. नोंदणीची गोष्ट निघाली तेव्हा मित्र म्हणाला, आपल्या घरातल्या भानगडी कचेरीत वाचून दाखवायची लाज वाटते. आणि जो मी साऱ्या गावाला उपदेश करायचो, तो म्हणालो, "राहू दे. माझं अक्षर कचेरीत सगळे ओळखतात."

पुढच्याच साली अमेरिकेतली लढाई थांबली, तिथला कापूस पुन्हा विलायतेला जाऊ लागला आणि इथला भाव कोसळला. आमच्या लोकांनी बिऱ्हाडं इतक्या चपळाईनं हलवली की काहींच्या चुली अजून गरम होत्या. दलाल कच्छला गेला. काटेवाला कुठं गेला ते त्याच्या घरमालकालाही कळलं नाही. पाऊस संपता संपता मित्र गाठी तपासायला अकोल्याला गेला आणि तिथंच दोन दिवसांत पटकीनं गेला. मी फार रडलो. त्या बाईनं मला पाणी दिलं, तेव्हा मळ्याचा विचार आम्हा दोघांच्याही मनात नव्हता.

तो विचार भावाच्या मनात होता. इतकी वर्षं ज्याला रस्ता सापडला नव्हता, तो महिन्याभरात वलगावला हजर झाला.

कचेरीत पहिला प्रश्न झाला, साक्षीदार कुठं आहेत? कच्छला मी तीन पत्रं पाठवली होती, उत्तर नव्हतं. मग मला उभं केलं. माझं अक्षर खरोखरच सगळ्यांनी ओळखलं. समोरच्या वकिलानं एवढंच विचारलं की मी त्या घरी जेवत होतो का. मी हो म्हणालो. किती वेळा? दर बाजाराला. वकील खाली बसला. त्या भरितानं माझी साक्ष बाटवली.

बाहेर वलगावच्या तीन बैलबंड्या सुटल्या होत्या. पाटील, बाईचा भाऊ, आणखी दहाबारा माणसं. मळा कोणाला द्यायचा हे मित्रानं चावडीवर बसून कितीदा बोलून दाखवलं होतं, ते सांगायला आली होती. कारकुनानं विचारलं, कागदावर तुमच्यापैकी कोणाची निशाणी आहे का?

पाटील माझ्याकडं बघून म्हणाला, "आमाले कोणी इचारलंच नाही."

मळा भावाला मिळाला. त्यानं तो आठवड्यात विकला आणि कोकणात निघून गेला.

त्यानंतर मी स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं, त्याच दिवशी नोंदवायचं ठरवून. साक्षीला पाटलाला विचारायला गेलो तेव्हा माझी मान वर होत नव्हती. तो आला. बाईचा भाऊही आला, आणि त्याच्यासोबत ती. पाटील आणि भाऊ, दोघांचे अंगठे उठले, अधिकाऱ्यानं माझा चेहरा बघितला, नक्कल दप्तरात गेली. सगळं मिळून एक विडा रंगायला लागतो तेवढाच वेळ लागला. हे मी लोकांना नेहमीच सांगत असे, पण ते खरं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

कचेरीच्या पायरीवर ती म्हणाली, काय लिहिलं ते वाचून दाखवा. मी सगळं वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिता भाऊ तुमी," ती म्हणाली. "तवाही चांगलंच लिहिलं असन."

मग निंदायला उशीर होतो म्हणून ती निघाली. नवा मालक तिला तिच्याच मळ्यात मजुरीवर ठेवून होता, आणि उन्हं डोक्यावर आल्यावर येणाऱ्या बाईला तो परत पाठवत असे.