जीएम काकांनी केलेला ट्रेड

आमच्या जीएम काकांइतका फुटबॉल कळणारा आणि फुटबॉलला जन्मात हात न लावलेला माणूस शॉमबर्गातच काय, उभ्या अमेरिकेत दुसरा सापडायचा नाही. फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू काखेत मारून पळायचा. पायाशी त्याचा संबंध नावापुरताच. आणि जीएम म्हणजे जनरल मॅनेजर. व्यावसायिक टीममधला हा गृहस्थ ना खेळतो, ना खेळायला शिकवतो. तो नुसती माणसं निवडतो. कॉलेजातून कुणाला उचलायचं, कुणाला दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात कुणाला आणायचं (यालाच ट्रेड म्हणतात), कोच कोण असावा, आणि कुणाला आता पुरे म्हणायचं. रविवारी सगळं गाव खेळाडूंच्या नावानं ओरडत असतं, तेव्हा काका टीव्हीवर वरच्या काचेच्या खोलीत बसलेला तो कोटवाला दिसतो का, ते बघत असतात. टचडाउन होतो, म्हणजे चेंडू पार टोकाच्या रेषेपलीकडे जातो, आम्ही सोफ्यावर उड्या मारतो आणि काका शेंगा सोलता सोलता म्हणतात, "हा आज नाही झाला. हा तीन वर्षांआधी एप्रिलमध्येच झाला होता. त्या जाड्याला घेतलं ना, तेव्हा." जाड्या कोण म्हणून पाहावं, तर चेंडूपासून लांब कुठेतरी एकाला नुसतं अडवून उभा असलेला, कॅमेऱ्यात अर्धाच दिसणारा एक धिप्पाड मुलगा. काकांचे डोळे त्याच्याकडे पाहून पाणावलेले असतात.

काका मूळचे नागपूरचे. पोटापाण्यासाठी एका विमा कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात, पण त्यांचं खरं वर्ष एप्रिलात सुरू होतं. एप्रिलात त्यांची दोन कामं असतात: आमच्या मंडळातली चौदा एप्रिलची जयंती आणि कॉलेजच्या पोरांना टीम वाटून घेतात तो ड्राफ्ट. आधी जयंती येते, त्यामुळे ड्राफ्टची रंगीत तालीम जयंतीच्या जेवणावर होते. प्रत्येकीला आपापली खासियत आणायची असते, आणि काका एकेकीला फोन करून ती हाणून पाडतात. "ताई, वांग्याची भाजी करणाऱ्या तिघी झाल्या आणि वरणभाताला कोणीच नाही. अशी टीम जिंकून राहिली का कुठे? वरणभात म्हणजे आपली लाईन आहे, पुढे अडवून उभी राहणारी. चांगला झाला तर कोणी नाव नाही काढत, बिघडला तर सगळं जेवण बसतं." ज्या बाईच्या हाताला सगळ्यात चव, तिलाच ते वरण लावायला सांगतात. त्या बाई त्यांच्याशी महिनाभर बोलत नाहीत, आणि दरवर्षी वरण मात्र सगळ्यात आधी संपतं.

एवढं ज्ञान नुसतं टीव्हीसमोर वाया घालवणं काकांना शक्यच नव्हतं. आमच्या गावच्या पार्कात हौशी लोकांची एक लीग चालते. बायका-पुरुष एकत्र खेळतात, अंगावर धावून कुणाला आडवं करायचं नसतं. कमरेला लोंबणारी पट्टी ओढली की पळणारा बाद. काकांनी तिथे आपली टीम उतरवली आणि खेळाडू शोधायला ते इंडियन ग्रोसरीत जाऊ लागले. कणकेचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेणारा दिसला की तो लाईनवर. शनिवारच्या गर्दीत ढकलगाड्यांमधून कुणालाही धक्का न लावता कोथिंबिरीपर्यंत पोचणारी दिसली की ती पळणाऱ्यांत. मला त्यांनी हेरलं ते आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. मैत्रीण गाडीच्या किल्ल्या वर विसरली होती. मी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून त्या खाली टाकल्या आणि बरोबर तिच्या ओंजळीत पडल्या. शेजारच्या बिल्डिंगसमोर एक टक्कल पडलेले गृहस्थ पिशव्या घेऊन उभे होते. ते वर बघून म्हणाले, "पुन्हा एकदा टाक बरं." मी पुण्याची, अनोळखी माणसानं अशी ऑर्डर सोडल्यावर काय उत्तर द्यायचं ते मला येत होतं, पण त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या काकू इतक्या मनापासून कपाळाला हात लावून हसत होत्या, की मी किल्ल्या परत मागवल्या आणि पुन्हा टाकल्या. पुढच्या रविवारपासून मी टीमची क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारी. त्याआधी मी आयुष्यात शाळेच्या पीटीला दांडी मारण्यापलीकडे कुठलाही खेळ खेळले नव्हते.

कोच म्हणून काकांनी काकूंना नेमलं. घरातल्या घरात सोय म्हणून नव्हे. काकू कॉलेजात असताना कबड्डी खेळायच्या, आणि पळणाऱ्याची पट्टी ओढायला कबड्डीवालीपेक्षा चांगलं कोण शिकवणार? "चेहऱ्याकडे नको बघू, हाताकडे नको बघू, कंबर बघ! कंबर खोटं बोलत नाही!" असं त्या ओरडायच्या तेव्हा समोरच्या टीममधले गोरे लोक आपोआप आपापली कंबर सावरायचे. काकांचा नियम असा, की जीएमनं कोच निवडला की पुढे तोंड उघडायचं नाही. ते घडीच्या खुर्चीत, ओठ घट्ट मिटून बसायचे. एकदा राहवलं नाही म्हणून "अगं, त्या पोराला जरा डावीकडे..." एवढंच म्हणाले, तर काकूंनी मैदानातूनच विचारलं, "तुम्ही कोच बदलून राहिले का? तसं सांगा, मी घरी जाते." घरीही रविवारी जेवणाला नावं ठेवण्याचा हक्क त्यांनी याच नियमात गमावला होता.

मात्र कुणाला टीममधून काढायचं आलं की काकांची पंचाईत व्हायची. काढलं तर पाहिजेच, पण सांगायचं कसं? मग ते त्या माणसाला घरी जेवायला बोलवायचे आणि काकू पाटवडीचा रस्सा करायच्या. एक पुणेकर सॉफ्टवेअरवाला तीन वाट्या रस्सा पिऊन घाम पुसत म्हणाला होता, "काका, रस्सा फर्स्ट क्लास! संडेला मी किती वाजता येऊ?" काका म्हणाले, "अजून एक पाटवडी घे." चौथ्या पाटवडीला त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून काकूंकडे पाटवडी आहे असं कळलं की टीमचे निम्मे लोक आजारी पडायचे.

त्या वर्षी आम्ही प्रथमच फायनलला पोचलो, आणि फायनलला दीड महिना असतानाच माझी नोकरी गेली. कंपनीनं एका ईमेलमध्ये आमचा अख्खा ग्रुप कमी केला. व्हिसाची मुदत संपायच्या आत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर बॅगा भरून पुणं. मी आईला सांगितलं नव्हतं. काकूंना मात्र प्रॅक्टिसला सांगितलं आणि तिथेच गवतावर बसून रडले. काका जवळच खुर्चीत होते. पुढचे किती तरी दिवस ते फोनवरच होते. टीमच्या काळजीत असतील असं मला वाटलं. मग एका संध्याकाळी त्यांनी जेवायला बोलावलं. मी दार उघडलं आणि वासावरूनच ओळखलं. पाटवडी.

"मला काढताय?" मी दारातच विचारलं.

"ट्रेड केला तुझा," काका म्हणाले. "बेलव्ह्यूला, पार पश्चिम किनाऱ्यावर. माझा नागपूरचा क्लासमेट आहे तिथं, मॅनेजर. इंटरव्ह्यू तुलाच द्यायचा आहे, तो काही फुकट घेणार नाही. पण तू फेकते चांगलं."

इंटरव्ह्यू झाले, नोकरी मिळाली, व्हिसाचं मार्गी लागलं. सोमवारी रुजू व्हायचं आणि फायनल आदल्याच दिवशी, रविवारी सकाळी. मी म्हटलं, संध्याकाळची फ्लाइट घेते, फायनल खेळूनच जाते. काका खुर्चीतून उठले. "बिलकुल नाही. ट्रेड ठरलेला खेळाडू मैदानात उतरवत नसतात. हात मोडला म्हणजे? शनिवारी निघ तू."

"अहो, पण फायनल आहे! फेकणार कोण?"

"ते मी पाहीन ना. तू टीममध्ये आहे कुठे आता?" असं म्हणून ते माझ्या ताटात रस्सा वाढायला लागले, आणि बराच सांडला.

फेकायला शेवटी काकू उतरल्या. आम्ही हरलो, आणि चांगलेच हरलो. काकूंनीच फोनवर सांगितलं, हसत हसत, आणि मागून काका ओरडले, "कोचनं उत्तम खेळ केला, लिहून घे!"

बेलव्ह्यूला काकांच्या त्या मित्राच्या घरी मला दर रविवारी बोलावणं असायचं. इथे घड्याळ शॉमबर्गच्या दोन तास मागे, म्हणून मॅच सकाळी दहालाच लागते, त्यामुळे पोहे, चहा आणि फुटबॉल असा बेत. मित्रकाका माझ्या शेजारी ताठ बसून मॅच बघायचे, पुन्हा पुन्हा घड्याळ बघायचे, आणि कुणी पडलं की उगाच "अरे अरे" म्हणायचे. मला वाटे, नागपूरची ती बॅचच फुटबॉलवेडी. एका रविवारी त्यांनी जांभई दाबत विचारलं, "यार, हे लोक सारखे थांबतात कशाला गं?"

"काका, तुम्हाला मॅच आवडत नाही?"

"मला? यातलं ओ का ठो कळत नाही."

"मग दर रविवारी लावता कशाला?"

"त्याची अट होती ना," ते म्हणाले. "मी त्याला गमतीनं विचारलं, एवढी पोरगी देऊन राहिला, तर बदल्यात काय पाहिजे? मला वाटलं, काही तरी जोक मारेल. तर म्हणतो, तिनं रविवारी एकटीनं मॅच नाही पाहिली पाहिजे. बस. बाकी काही नको म्हणे."

पोह्यांची बशी माझ्या हातात तशीच राहिली आणि मला रडू आलं. मित्रकाका घाबरून टीव्ही बंद करायला धावले. मी तिथूनच शॉमबर्गला फोन लावला. काकांनी उचलला, "शेवटची दोन मिनिटं आहेत पोरी, मग कर," म्हणाले, आणि ठेवला. त्यांच्या मागे नुसता टीव्हीचा आवाज ऐकू आला होता, एरवीचा आरडाओरडा नाही. त्यांच्या सोफ्यावर मॅच बघायला आता कोण येतं, हे मला नंतरही विचारवलं नाही.